शाबूत कुलूप

टेस्टरकाकांनी सकाळी साडेनऊला बेडरूममधल्या कपाटाला कुलूप लावलं आणि दहाच मिनिटांनी काकूंनी विचारलं, "अहो, माझे कागद कपाटातच आहेत ना?"

साडेदहाला काकूंची गाडी चालवण्याची परीक्षा होती. दोनदा नापास झाल्या होत्या, ही तिसरी खेप. कागद कपाटातच होते आणि कपाटाला लावलेलं कुलूप साधंसुधं नव्हतं.

काका गोदामात कंटेनरची कुलपं दुरुस्त करायचे. खिशात सदा टेस्टर, म्हणून हे नाव. बावीस वर्षं हात काळे केल्यावर कंपनीने त्यांना ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं होतं. गावोगावच्या तीस तंत्रज्ञांनी जोड्या करून एकत्र शिकायचं. सरावासाठी घरी आलेल्या इलेक्ट्रॉनिक कुलपाला किल्लीच नव्हती. काकांनी आपला आकडा टाकायचा, त्याच मिनिटात जोडीदाराने आपल्या गावाहून स्वतःचा टाकायचा, तरच ते उघडणार. काकांच्या जोडीला बंदरावर काम करणाऱ्या क्रेनबाई होत्या.

"मग सांगा की त्यांना," काकू म्हणाल्या.

"सांगतोय. पण त्यांचं नेट गेलंय."

पडद्यावर क्रेनबाई अर्धं तोंड उघडून थिजल्या होत्या.

काकांनी कुलूप जरा हिसडून पाहिलं. ते असं किंचाळलं की काका दोन पावलं मागे सरले. त्याच क्षणी तिसांच्या तिसांना निरोप गेला : चोरीचा प्रयत्न, जोडी क्रमांक चार.

"जोडी चार, कुलपाला हात कोण लावतंय?" प्रशिक्षक साहेबांनी विचारलं.

"मीच आहे, सर."

"चोरही असंच म्हणतो. आता अर्धा तास कुलूप कुणालाच दाद देणार नाही. तोवर घटनेचा अहवाल भरा."

"सर, घरात जरा अडचण आहे..."

"तीही अहवालात लिहा."

अहवालात सतरा प्रश्न होते. काका कपाटाकडे पाठ करून निमूटपणे टाइप करायला बसले. तिसरा प्रश्न होता, 'संशयिताचं वर्णन'. काकांनी प्रामाणिकपणे लिहिलं : मध्यम उंची, विरळ केस, चेहरा घाबरलेला.

काकूंनी घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि कपाट तसूतसूने भिंतीपासून पुढे ओढलं. कुलूप इतकं हळू हललं की त्याला पत्ताही लागला नाही. मग हातोडीच्या मागच्या बाजूने त्यांनी पाठीमागच्या प्लायच्या चुका एकेक करून उपसल्या. पडद्यावर अठ्ठावीस तंत्रज्ञ श्वास रोखून हे पाहत होते. प्लाय पलंगाला टेकवून काकूंनी आत हात घातला, कागदांची पिशवी काखोटीला मारली आणि "येते हो" म्हणून त्या निघाल्या.

"हं, ये," अकराव्या प्रश्नात बुडालेले काका म्हणाले.

"काका," साहेबांनी हळूच विचारलं, "कुलूप कसं आहे?"

"एकदम शाबूत, सर."

"आणि माल?"

काका मागे वळले. पलंगाला टेकलेला प्लाय पाहून कपाटाच्या पाठीतून आत डोकावले.

"माल परीक्षेला गेला, सर."

त्यावर जे हसू फुटलं ते मिनिटभर थांबेना. साहेब डोळे पुसत म्हणाले, "मंडळी, जे मी चार दिवस घसा फोडून सांगतोय ते बाईंनी दहा मिनिटांत दाखवलं. सगळे दाराला जपतात, पाठीकडे कोण बघतं?" एवढ्यात क्रेनबाई हलल्या. "काका, आकडा टाकू का?"

काकू दुपारी पास होऊन आल्या. गाडी मागे घेतानासुद्धा एकही खांब पडला नव्हता. काकांनी मनापासून अभिनंदन केलं. एवढ्यात त्यांच्या फोनवर निकाल आला : 'कुलूप उत्तम बसवलं. माल राखता आला नाही. फेरपरीक्षा उद्या नऊला.'

"अगं, साहेबांनी सकाळी माझ्याकडून तुझा नंबर मागून घेतला. कशाला गं?"

"त्यांचाच फोन येऊन गेला मघाशी," काकू खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या. "तुमची फेरपरीक्षा मी घेणार आहे. जरा अभ्यास करून बसा. घरचे म्हणून गुण वाढवून देणार नाही."