नागिसाचं दुसरं नाव

माझ्या हातून कार्य कधी बिघडत नाही. बिघडू शकेल अशा प्रत्येक गोष्टीची काळजी मी आधीच करून ठेवलेली असते. नागिसाच्या उष्टावणाच्या दिवशी तर मी सकाळपासून सेनापतीसारखी घरभर फिरत होते. शुभकार्याचा लाल भात शिजला होता. आमच्याकडे शुभ मानला जाणारा, ‘ताई’ नावाचा अख्खा मासा हामामोतो मासेवाला घरपोच आणून देणार होता. दात दगडासारखे व्हावेत म्हणून बाळाच्या हिरड्यांना लावायचा खडाही मी उकळउकळून घेतला होता. दगड शिजत नाही म्हणून, नाहीतर मऊ झाला असता! शिवाय तैवानहून खास सासूबाई आल्या होत्या. त्यांना जपानी येत नाही आणि माझं चिनी जेमतेम, त्यामुळे आमचं उत्तम जमतं.

नातीसाठी त्यांनी काहीतरी आणलं होतं. काय ते विचारलं, तर माझ्या नवऱ्याकडे, छेंगयूकडे बघून नुसत्या हसल्या. मी नागिसाला पाजायला माडीवर गेले.

ती झोपली आणि मी खिडकीतून सहज खाली पाहिलं. ओनोमिचीतली आमची चढाची गल्ली चढत सगळे शेजारी येत होते, आणि सगळे काळ्या कपड्यांत! पुढे नव्वदी ओलांडलेल्या तोमिए आजी, हातात जपमाळ. मागे पांढरी शेवंती घेऊन हामामोतो. गल्लीत कोणीतरी गेलं, आणि तेही नेमकं आजच! पण शेजारधर्म कुणाला चुकलाय? मीही घाईघाईने काळा ड्रेस चढवला आणि खाली धावले.

दारातच आजींचा हात धरून हळूच विचारलं, "आजी, कोण गेलं हो?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. हामामोतोला हुंदका आवरेना. आजींनी मला पोटाशी धरलं. "रड पोरी, मोकळी हो. आत कोंडून ठेवलं की डोक्यावर परिणाम होतो."

"पण मी रडू कुणासाठी?"

"झालाय परिणाम," मागून कोणीतरी पुटपुटलं.

तेवढ्यात छेंगयू बाहेर आला. चेहरा कसा, नवरदेवासारखा फुललेला! कमरेत वाकून म्हणाला, "आलात, बरं वाटलं. इतक्या लहान वयात तिला नाव मिळालं, आई तर फार खूश आहे. या ना, लाल भात खाऊन जा."

गल्ली गार पडली. मी पुढच्या खोलीत डोकावले आणि मीही गार पडले.

कोनाड्यात पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत दोन टपोरी अक्षरं, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, खाली फुलं आणि मधोमध माझ्या नागिसाचा फोटो. 'सुंदर कमळ.' चिनीत वाचा की जपानीत, अक्षरं तीच आणि अर्थही तोच. सासूबाईंच्या गावी बुद्धाला शरण गेलेल्या माणसाला विहारातून असं नाव मिळतं आणि घरात सणासारखा आनंद होतो. आमच्याकडेही मिळतं. मेल्यावर! मासा द्यायला आलेल्या हामामोतोने तो कोनाडा पाहिला होता, मासा उंबऱ्यावर ठेवला होता आणि रडत रडत गल्लीभर बातमी पोचवली होती.

आता हे कसं निस्तरायचं म्हणून मी तोंड उघडलं, तोच माडीवरून नागिसाने भोकाड पसरलं. हामामोतो शेवंतीसकट मटकन खाली बसला. मी धावत जाऊन तिला घेऊन आले. आजींनी तिचे गाल चाचपून पाहिले, नाक ओढून पाहिलं.

"अगं मेले, जिवंत आहेस की!"

मग जी हसाहशी झाली, ती खालच्या बंदरापर्यंत ऐकू गेली असेल. दीर्घायुष्य लाभावं म्हणून पहिला घास सगळ्यांत वयस्कर बाईने भरवायचा असतो. तो तोमिए आजींनी भरवला, मनगटात जपमाळ तशीच ठेवून. शोकाला आलेली मंडळी दोनदा भात मागून जेवली.

सासूबाई हे सगळं भारावून पाहत होत्या. काळे कपडे, फुलं, अश्रू. छेंगयूला म्हणाल्या, "किती भाविक लोक रे हे! पोरीचं नुसतं नाव वाचून रडले." खरं सांगायची हिंमत ना त्याला झाली, ना मला.

परिणाम व्हायचा तो झालाच. घरी परतल्यावर त्यांनी ओळखीच्या भिक्षूंना गळ घालून आमच्या गल्लीतल्या प्रत्येकासाठी नाव मिळवलं आणि पार्सल पाठवून दिलं. मी ते माळ्यावर लपवणार होते, पण तोमिए आजींना सुगावा लागला. त्यांनी आपलं नाव फ्रिजवर चिकटवलंय. म्हणतात, "मेल्यावर मिळालं असतं, तर मला वाचायला कुठं मिळणार होतं?" हामामोतोचं तर दुकानात, माशांच्या डोक्यावर झळकतंय.

त्या पार्सलमधलं माझ्या नावाचं पाकीट अजून बंद आहे. घाबरत वगैरे मुळीच नाही. जरा सर्दी झालीय, ती गेली की उघडणार आहे.