रशीदा, मूळ गाव मुरूड

लिफ्टमध्ये कोणाबद्दल मराठीत बोलू नये, ही अक्कल मला बहारीनला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात आली. तेव्हा मी वसईहून नुकतीच आलेली. केसांना पर्म, पायात उंच टाचा, आणि डोक्यात अशी हवा, की उम्म अल हस्सममधल्या या अख्ख्या बिल्डिंगीत आपल्याइतकं शहाणं कोणी नाही. लिफ्टमध्ये एक उंचच उंच बाई उभी होती. ओढणीतून कुरळे केस डोकावत होते. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अहो, ही आफ्रिकन बाई बघा. हिला जाळी काढायला झाडूसुद्धा लागत नसेल."

बाईंनी मान वळवली. "झाडू लागतो. नुसत्या हाताने मान दुखते. तुमचं गाव कुठलं गो?"

आमचे हे आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागले. मी कशीबशी म्हणाले, "मुंबई."

"मुंबई गाव नाही, तो थांबा आहे. मूळ गाव?"

"वसई."

"मग तसं सांगा ना! मी रशीदा. मुरूडची. जंजिऱ्याच्या सिद्दींतली."

त्या दिवसापासून आम्ही शेजारणी. पर्म गेला, टाचा गेल्या, हे गेले, तिचे मियाँही गेले. रशीदाचा प्रश्न मात्र तसाच आहे. समोर माणूस दिसला की हिने गाव विचारलंच. प्लंबरला विचारते, दात उपटायला आलेल्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना विचारते. एकदा अदलियातल्या एका कॅफेत कॉफी प्यायला गेलो. वेटर कॉफी घेऊन आला तर ही म्हणे, "पहले गाँव बोलो." पोरगा नेपाळचा. गाव झालं, आई झाली, आईच्या म्हशीचा पाय झाला. कॉफी टेबलावर टेकली तेव्हा ती सरबतासारखी गार होती.

कोणी नुसतं 'इंडिया' म्हटलं तर ती हात झटकते. "ते झालं आत्ताचं. मूळ?"

मी म्हणायची, "तू विमानतळावर नोकरी धर. पासपोर्टवर शिक्का मारायची."

"ते नुसता देश विचारतात. त्यांना काय कळतंय?"

पण तिचं स्वतःचं उत्तर कोणाला पटायचं नाही. ती मुरूड म्हणाली की लोक हसून मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हो, पण तसे तुम्ही कुठले?" आपली मराठी माणसं तर तिच्याशी इंग्रजीतच सुरू व्हायची. एका हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!"

"तुमचंही बरं आहे," रशीदा म्हणाली आणि तिने तिळगुळाची वाटी पुढे सरकवली.

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी गेल्या फेब्रुवारीत माती खाल्लीच. माझी नात जेनी हिच्या शाळेत 'ब्लॅक हिस्टरी मंथ' होता. पोरांनी वर्गाची दारं सजवायची, मोठमोठी कृष्णवर्णीय माणसं बनून पुतळ्यासारखं उभं राहायचं. तळहाताला कागदी बटण चिकटवलेलं. ते दाबलं की पुतळ्याने आपली माहिती सांगायची. टीचरने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ओळखीत कोणी आफ्रिकन वंशाचं असेल तर मुलांशी बोलायला पाठवा. मी चष्मा शोधायच्या आत रशीदाचं नाव आणि नंबर पाठवून मोकळी झाले. तिला विचारायचं राहिलंच.

आमच्या दोघींत डबा कधी रिकामा परत जात नाही. तिच्याकडून सांदणं आली की माझ्याकडून आमच्या वसईचे तळलेले गोडसर फुगे जातात. त्या संध्याकाळी माझा डबा आला तो धुतलेला, पुसलेला आणि ठणठणीत रिकामा. रिकामा डबा म्हणजे आमच्याकडे युद्धच.

मी धावत गेले. तिने दार अर्धंच उघडलं.

"तुझ्या टीचरचा फोन आलेला. पारंपरिक वेशात या म्हणे. ढोल असेल तर आणा म्हणे! सिसिल, तू मला बोलायला धाडतेस की दाखवायला?"

"बोलायला गो."

"मग मला विचारलं का नाहीस?"

खलास. दार बंद झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ती खाली गाडीपाशी उभी. हिरवं रेशमी पातळ, डोक्यावरून पदर. "जेनीसाठी येतेय. तुझ्यासाठी नाही." वाटेत ड्रायव्हरला गाव विचारलं, त्याच्या सासूचंही विचारलं. माझ्याकडे मात्र पाठ.

हॉलमध्ये पुतळेच पुतळे. आमची जेनी वैमानिक झालेली, डोळ्यांवर पोहायचा गॉगल. एका बॉक्सरचं बटण पोरं इतकी दाबत होती, की तो बिचारा रडकुंडीला आला होता. टीचरने माइक घेतला, "आणि आपल्या पाहुण्या, थेट आफ्रिकेहून!"

"रायगडाहून," रशीदा म्हणाली. "जिल्हा रायगड."

मग तिने पोरांनाच गावं विचारली. सगळी 'बहारीन, मिस' म्हणत होती. एक मुलगा तेवढा 'अराद' म्हणाला. "शाबास! तुझ्या गावात किल्ला आहे ना? माझ्या गावातही आहे, पण भर समुद्रात." आणि ती सुटली. जहाजांतून आणलेले हबशी, कोणी विकलेले, कोणी शिपाई म्हणून आलेले, मग त्याच लोकांनी राखलेला जंजिरा. "माझे पणजे नवाब नव्हते हां. नवाबाच्या तोफेला दारू पोचवणारे. पण त्यांच्याशिवाय तोफ उडाली असती?"

"नोऽऽ!" सगळा हॉल.

तेवढ्यात केसांत मणी ओवलेली, धावपटू झालेली एक कृष्णवर्णीय चिमुरडी म्हणाली, "मॅम, आफ्रिकेत कुठलं गाव?"

रशीदाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग हळूच म्हणाली, "माहीत नाही, बाळा. विकताना कोणी विचारून ठेवलं नाही."

मुलीने जरा विचार केला. "मला पण माहीत नाही. माझ्या ग्रँडमाला पण नाही." आणि ती येऊन रशीदाला खेटून उभी राहिली. रशीदाने तिच्या तळहातावरचं बटण दाबलं. पोर घडाघडा आपल्या धावपटूची माहिती सांगायला लागली आणि ही वाकून, एकेक शब्द कानात साठवल्यासारखी ऐकत राहिली.

परतताना जेनी गॉगलसकट तिच्या मांडीवर झोपली. मी म्हटलं, "रशीदा, चुकलं गो माझं."

तिने जेनीच्या केसांत अडकलेली गॉगलची पट्टी सोडवली. मग बाहेर बघत म्हणाली, "पुढच्या वर्षी आधी मला विचार. मी नाही म्हणेन. तू पुन्हा विचार."