श्रावणभाऊंची उभी गाडी

आमचे शेजारी श्रावणभाऊ कुठलीही वस्तू घेण्याआधी ती तळहातावर ठेवून हलकेच झेलतात, मग देठाकडून अंगठ्याने दाबून बघतात. टॉर्च असो की मिक्सरचं भांडं, त्याचा देठ कुठे हे ते स्वतःच ठरवतात. सौसरच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी तीस वर्षं संत्री छाटली, म्हणजे एक नंबर, दोन नंबर अशी वेगळी केली. आता काम सुटलं, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही.

मागच्या महिन्यात तो अंगठा गेमच्या कंट्रोलरकडे वळला.

दर रविवारी दुपारी श्रावणभाऊ संगणकावर गाड्यांची शर्यत खेळतात. समोर, इंटरनेटवरून, पुण्यातला त्यांचा मुलगा मंगेश असतो. संगणक मंगेशच्या कॉलेजच्या दिवसांतला. तो मंदावला तेव्हा मंगेशनेच विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकून दिलं. आता कोणी दुसरं काही टाकायला सुचवलं, की भाऊ एकच वाक्य बोलतात, "मंगेशनं बसवलं हाये ते." विषय संपला.

तर त्यांचा जुना कंट्रोलर बिघडला. वेग द्यायची मागची कळ सोडली तरी गाडी आपली पुढे सरकत राही.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. "शर्यतीत पुढेच जायचंय ना?"

"असं कसं म्हणता बाई? हात काढला की गाडी गप उभी राह्यली पायजे."

मी शाळेत गणित शिकवते. शर्यतीच्या गाडीला उभं राहण्याची काय गरज, हे गणित मला सुटेना. पण भाऊंनी हट्ट धरला. रविवारच्या आत, लिनक्सवर चालणारा आणि गप बसणारा कंट्रोलर हवा.

दोन घरपोच मागवले. पहिल्याला संगणक माउस समजला. दुसरा ओळखला, पण लावल्या लावल्या कळ अर्धी दाबलेली दाखवू लागला. भाऊंनी दोन्ही परत पाठवले आणि शनिवारी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. माझ्याकडे चारचाकी आहे, हा माझा दोष.

"पांढुर्ण्याले जाऊन येऊ. तिथं एका दुकानात लय माल आला म्हणते."

"चला. पण हे काय?"

हे म्हणजे संत्र्याचं क्रेट होतं. आत गोधडीवर संगणकाचा डबा, आणि वर स्क्रीन.

"दुकानदाराच्या विंडोजवर चालून काय फायदा? जोडा घ्याले जातो तं आपलाच पाय नेतो ना?"

दुकानदार क्रेट बघून म्हणाला, "काका, रिपेरिंग बाजूच्या गल्लीत होते."

"रिपेरिंग नाही. प्लग कुठी हाये?"

दुकानदाराने सगळ्यात भारी कंट्रोलर काढला. त्यात रंगीत दिवे होते, आणि तो हातात थरथरायचा. "टॉप माल, काका. सगळ्यावर चालते."

भाऊंनी तो झेलला, देठ शोधला, दाबला. "पेटीच्या वरच्या थराले सगळेच चांगली फळं लावते, भाऊ. खालचा थर दाखव."

मग छाटणी सुरू झाली. एकेक कंट्रोलर लावायचा, कळ दाबायची, सोडायची. स्क्रीनवर एक आडवी पट्टी होती. दाबली की ती भरायची, सोडली की रिकामी व्हायला हवी. थोडी जरी उरली तर भाऊ म्हणत, "दोन नंबर." कंट्रोलर डाव्या ढिगात. दुकानात चार माणसं जमली. एकाने विचारलं, "काऊन वो काका, स्पर्धेत उतरून राहिले काय?"

"नाही. थांबाचं हाये मले."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

शेवटी एक काळा, बिनदिव्याचा, वायरवाला निघाला. मागचं एक बटण धरून लावला, की लिनक्स त्याला बरोबर ओळखत होतं. भाऊंनी दहादा कळ सोडली, दहादा पट्टी शून्यावर आली. "एक नंबर," ते म्हणाले. परत येताना क्रेट मागे आणि कंट्रोलर त्यांच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना कोथिंबिरीची सांबारवडी द्यायला गेले. वहिनी गेल्यापासून रविवारचा डबा आमच्याकडून जातो. दार उघडंच होतं. भाऊंची पाठ माझ्याकडे होती.

स्क्रीनवर त्यांची पिवळी गाडी शेवटच्या रेषेच्या वीतभर अलीकडे उभी होती. कंट्रोलर टेबलावर ठेवलेला, दोन्ही हात मांडीवर. गाडी तसूभरही हलत नव्हती.

स्पीकरमधून मंगेश बोलत होता. "बाबा, या ना पुढे. रेषा समोरच आहे."

"दिसून राहिली रे मले. गाडी तापली जराशी. तू सांग, नव्या खोलीत पाणी येते का?"

मंगेश सांगू लागला. पाण्याचं झालं, मग खानावळीचं, मग साहेबाचं, मग एका मुलीचं, जिचं नाव तो दोनदा गाळून गेला. फोनवर हाच मंगेश जेवलात का, गोळी घेतली का, ठेवतो, एवढंच बोलतो. ते मी स्वतः ऐकलंय. शर्यत संपली की तो "बरं, बाबा" म्हणतो. म्हणून शर्यत संपता कामा नये. गणित सुटलं.

डबा ठेवताना माझं स्क्रीनकडे पुन्हा लक्ष गेलं. मंगेशची लाल गाडी कधीच पुढे निघून गेली असेल, असं मी धरून चालले होते. ती पिवळ्या गाडीच्या शेजारीच होती. रेषेच्या अलीकडे, गप उभी.