रज्जाकचाचांचं काज

आमच्या आणि रज्जाकचाचांच्या घरात एकच भिंत आहे. दर रविवारी दुपारी त्या भिंतीतून आरोळी येते, "काज!" दीड-दोन तासांनी दुसरी येते, "बटन!" आणि मग जोरजोरात टाळ्या. उमरग्यात बदलून आलो त्या पहिल्याच रविवारी मी दचकून अंगावर चहा सांडून घेतला होता.

चाचा टेलर. बसस्थानकामागं दुकान, गळ्यात टेप, कानावर खडू. कापडावर कात्री ते चालवतात, पण काज-बटन आणि तुरपाई घरी चाची करतात, हातानं. आमच्याकडच्या टेलरांच्या घरी ही वाटणी ठरलेलीच. चाचींना ऐकू येत नाही. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मुदतीच्या तापात त्यांचे कान गेले. बोलतात क्वचित, आणि बोलल्या की आख्ख्या गल्लीला कळतं, कारण आपला आवाज केवढा ते त्यांना कळत नाही.

तर चाचांचा नाद म्हणजे विनोदी सिनेमे. तेही कसले? लुंगी सुटली, शेणात पडला, बायकोच्या भीतीनं कणगीत लपला, असले. मी पडलो कॉलेजात मराठी शिकवणारा. मला गंभीर सिनेमा आवडतो, म्हणजे निदान तसं मी सगळ्यांना सांगतो.

"सर, या की. दोन घंटे डोस्कं बाजूला ठिवा," चाचा एकदा म्हणाले. शेजारधर्म म्हणून गेलो. चाचा खाली सतरंजीवर, खाटेला टेकून. चाची मागं खाटेवर, एक हात चाचांच्या खांद्यावर. सिनेमा सुरू झाला. एका लग्नाच्या बँडवाल्यासमोर नायक चिंच खातो, बँडवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं, पिपाणीतून भलताच सूर निघतो आणि तो नायकाच्या मुस्काटात मारतो. मी मनात म्हटलं, अरे देवा! तेवढ्यात चाचा गरजले, "काज!"

"कसलं काज?"

"बघत ऱ्हावा सर. काज दिसलं म्हंजी बटन हाये कुठंतरी. काज करून बटन न लावनारा टेलर बी बेइमान आन् सिनेमावाला बी."

पुढं दोन तास नुसता धिंगाणा. शेवटी नायिकेला मंगल कार्यालयाच्या खोलीत कोंडून तिच्या जागी दुसरीच बोहल्यावर उभी केलेली. नायिका दार बडवतेय, ओरडतेय, पण बँडच्या दणदणाटात कोणाला काय ऐकू येणार? मी चक्क सरसावून बसलो होतो. नायक गर्दीतून वाट काढत बँडसमोर जातो आणि खिशातून चिंच काढतो. एकेका बँडवाल्याचे गाल आत जातात, एकेक वाद्य बंद पडतं. मांडव चिडीचूप. आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू येतं, दार बडवल्याचं.

"बटन!" चाचा ओरडले. मी नुसता बघत राहिलो. वर्गात मी पोरांना कथानकाची बांधणी वर्षानुवर्षं शिकवतोय, आणि इथं डोळ्यांदेखत घातलेली गाठ मला दिसली नव्हती. सातवीला शाळा सोडलेल्या माणसाला ती पहिल्या पाच मिनिटांत दिसली! खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा धाकच वाटायला लागला. त्यानंतर एक रविवार चुकवला नाही. चाचांचं काज कधी वाया गेलं नाही.

या उन्हाळ्यापर्यंत.

या उन्हाळ्यात चाचा भलतीकडंच "काज!" म्हणायला लागले. बटन येईचना. सिनेमा संपून नावांची पाटी वर सरकून जायची, चाचा आपले टीव्हीकडं बघत बसलेले. त्याच सुमारास माझ्या नव्या शर्टाची काजं मशिनची आली. मी थट्टेनं म्हणालो, "काय चाचा, नजर कमी झाली वाटतं?"

"माझी न्हाय सर, हिची." चाचांनी मागं बघितलं. चाचींचा एक डोळा आधीपासूनच अधू. दुसऱ्यातला मोतीबिंदू पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही.

"तुमाला काय वाटलं, मला कळतंय व्हय त्यातलं? म्या डायलॉगला हसत बसतो. हिला डायलॉग ऐकू येत न्हाय, म्हनून सगळं दिसतं. कोन काय खातंय, कुठं काय ठिवलंय. ही खांद्यावर बोट टेकवती, मंग म्या वरडतो."

"पण ओरडायचं कशाला?"

चाचा टेप बोटाला गुंडाळत राहिले. "आधी हीच वरडायची. टॉकीजला. मोठ्या आवाजात, तिला काय म्हाईत? लोक तिला हसले. म्या म्हनलं, हसायचं तर मला हसा." मग एकदम म्हणाले, "कान गेले तवा काय वाटलं न्हाय सर. पन आता डोळा बी गेला तर ही अंधारात एकटीच की हो. म्या कसा पोचनार तिच्यापातुर?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला, तोही गेला. "दिसतंय का?" असं खुणेनं विचारलं की चाची मान हलवायच्या. पण नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी तशीही हलवली असती, हे चाचांना ठाऊक होतं. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी मुद्दाम न बघितलेला सिनेमा लावला.

चाचा खाटेला टेकून ताठ बसलेले. चाचींचा हात खांद्यावर. सिनेमात रंगारी, घरमालक, आरडाओरडा, कोणीतरी हौदात पडलं. मी पडद्याकडं बघतच नव्हतो, त्या हाताकडं बघत होतो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बोट हलेना. चाचांच्या कपाळावर घाम.

आणि बोट टेकलं.

चाचांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. याला कळलं नाही वाटतं, म्हणून चाचींनी पुन्हा टेकवलं, जरा जोरात. मग काय, मीच ओरडलो, "काज!"

भिंतीपलीकडून बायकोचा आवाज आला, "अगं बाई! आता तुम्हीपण का?"

चाचा बाहीनं डोळे पुसत हसायला लागले. "सर, कशाचं काज ते तरी सांगा."

मी काय सांगणार? दोघांनी मागं वळून चाचींकडं बघितलं. आमची तोंडं बघून त्या वैतागल्या, आणि कितीतरी दिवसांनी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शिडी बघा की! एक पायरी न्हाय तिला!"

मी मोजल्या. वरून चौथी पायरी खरंच नव्हती.