चक्कर गजभिये सरांची

गजभिये सर प्राचार्यांच्या बैठकीला आले तेव्हा त्यांच्या हातात एक लांब काठी होती, काठीच्या टोकाला जाळी होती आणि जाळीत एक कच्चं अंडं होतं. वेळापत्रक, हजेरी, पाण्याची टाकी असे सगळे विषय होईपर्यंत सर कोपऱ्यात बसून ती काठी मनगटातून हलकेच झुलवत राहिले, तान्हं मूल निजवावं तशी. शेवटी प्राचार्यांना राहवलं नाही.

"गजभिये, हे काय आहे?"

"सराव हाय जी. झुलवणं थांबलं का पडते."

खेळाचं नाव लॅक्रॉस. यात चेंडूला हात लावायचा नाही. तो जाळीत झेलायचा, झुलवत झुलवत पळायचं आणि समोरच्या गोलात मारायचा. आमच्या कॉलेजात हे नाव त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. सर मुळात कबड्डीचे, आमच्याकडे तासिका तत्त्वावर. कुठलंसं दहा दिवसांचं शिबिर होतं, दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून यांना पाठवलं. तर हा गृहस्थ एक काठी आणि नव्या नवरदेवासारखा चेहरा घेऊन परत आला.

मी अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा क्रीडा समितीचा सचिवही होतो. मी जन्मात कुठलाच खेळ खेळलेलो नाही, त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार नाही, असं प्राचार्यांचं मत होतं. ते किती चुकीचं होतं, ते पुढे येईलच.

एका काठीचा संघ होत नाही. सरांनी बांबू आणले, प्लास्टिकचा पाइप स्टोव्हवर वाकवून त्याची टोकं केली. कुहीकडे त्यांच्या मामाच्या गावी तलावावर मासे धरणारे लोक आहेत, त्यांच्याकडून जाळी विणून घेतली. पहिले काही महिने त्या काठ्यांना पावसाळी हवेत मासळीचा वास यायचा. मुलींची निवड तर विचारूच नका. प्रवेशाच्या रांगेसमोर उभं राहून सर अचानक फळा पुसायचं डस्टर फेकायचे. जिनं झेललं ती संघात. जिनं चुकवलं तीही संघात, कारण "चपळ हाय." आणि एकीच्या खांद्यावर ते बसलं, तरी ती जागची हलली नाही. सरांचे डोळे भरून आले.

"काय नाव वं तुझं?"

"रोशनी."

"गोलकीपर होशील का?"

"थे काय राहते सर?"

"आता जे केलं ना, थेच."

ही रोशनी कुहीजवळच्या धानवाल्या घरची, रोज बसने येणारी. पुढे तीच कप्तान झाली.

सरावाला चेंडूऐवजी अंडी असत. हात नरम नसला तर अंडं फुटतं, हे मुलींना पहिल्याच दिवशी कळलं. कॉलेजचा कुत्रा दोन महिन्यांत असा गुबगुबीत झाला की फाटकाच्या गजांतून त्याला बाहेर पडता येईना. पण खरी गंमत शिक्षेची होती. कुणाच्या हातून पडलं की मुलीला काही बोलायचं नाही. सर स्वतः मैदानाला एक चक्कर मारायचे.

"पडलं तुझ्या हातून, चक्कर माही. कोचनं शिकवलं नसन म्हणून पडलं ना!"

पहिल्या आठवड्यात सर इतके धावले की पँट कमरेवर टिकेना, सुतळीनं बांधून यायचे. मुली रडकुंडीला आल्या. "सर, तुम्ही मरून जाल ना बाप्पा!" सर धापा टाकत म्हणायचे, "मंग झेला ना वं!" आणि त्या झेलायला शिकल्या. मी खोटं सांगत नाही, केवळ या माणसाचा जीव वाचावा म्हणून शिकल्या.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं या खेळाच्या निवड चाचणीसाठी पहिल्यांदाच नावं मागवली. सरांनी बारा मुलींचा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरून माझ्या टेबलावर ठेवला. माझी सही आणि पत्र जोडून तो पाठवायचा, एवढंच काम. "रोशनीचं शेवटचं वर्ष हाय सर," ते म्हणाले. "इले एकदा मोठ्या मैदानावर उभं राहिलेलं पाहाचं हाय."

आता जे पाच वर्षं कुणालाच सांगितलं नाही, ते लिहितो.

त्याच सकाळी मैदानावरून सुटलेलं एक अंडं माझ्या स्कूटरच्या सीटवर फुटलं होतं. मला ते दिसलं नाही. मी बसलो, घरी जाऊन आलो आणि त्याच पँटीत मागणी आणि पुरवठ्याचा अख्खा तास घेतला. फळ्याकडे वळलो की वर्ग का हसतो, हे मला स्टाफरूममध्ये कळलं, तेही चार प्राध्यापकांसमोर. मी इतका चिडलो की सरांचा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. दोन दिवस वाट पाहू दे याला, म्हटलं. मग अंतर्गत परीक्षा लागल्या आणि मी विसरलो. फॉर्म हाती लागला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

मी सरांना म्हणालो, "विद्यापीठानं घेतला नाही हो."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "असं? बरं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, मैदानावर एकही मुलगी नसताना, ते एकटेच धावताना मला खिडकीतून दिसले. चक्रम माणूस, असं मनात म्हणून मी खिडकी लावली.

सर अजूनही तासिका तत्त्वावरच आहेत. संघ मात्र मोठा झाला, त्यानंतरच्या मुली चाचणीलाही जाऊन आल्या. रोशनी मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते आणि रविवारी सकाळी नव्या गोलकीपर घडवायला मैदानावर येते. मागच्या रविवारी मी काही कागद घ्यायला कॉलेजात गेलो, तर ती चहा पीत बसली होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "सर, आमच्या वर्षी गजभिये सर फॉर्म पाठवाले विसरले ना, तर आम्ही बाराही जणी त्यांच्याशी दोन महिने बोललो नाही. किती त्रास दिला आम्ही त्यायले! आता वाईट वाटते."

"ते... विसरले?"

"त्यायनंच तर सांगितलं. माह्याकडूनच राहिला म्हणे."

सर पलीकडे खाली बसून एका काठीची जाळी ओढून बांधत होते. मी जाऊन उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. स्कूटर, पँट, ड्रॉवर, सगळं.

त्यांनी गाठ पक्की केली. "माहीत हाय ना सर."

"कसं?"

"मी दुसऱ्याच दिवशी विद्यापीठात गेलो होतो. आवक रजिस्टरात आपल्या कॉलेजचं नावच नव्हतं."

"मग मला बोलला का नाहीत? मुलींना तरी खरं सांगायचं!"

"तुमच्या हातून पडलं होतं जी," ते म्हणाले. "पडलं का आपण बोलत नाही. चक्कर मारतो. मारली मी त्याच दुपारी."

मी चपला काढल्या, चष्मा खिशात घातला आणि धावायला लागलो. वय चोपन्न, पोट सुटलेलं, पळण्याचा अनुभव शून्य. पहिल्या वळणावरच छातीत भाता सुरू झाला. तेवढ्यात मागून पावलं वाजली. गजभिये सर होते.

"तुम्ही कशाला?" मी कसाबसा बोललो. "तुमची तर मारून झाली."

"थे खरं हाय," ते माझ्या बरोबरीनं, मुद्दाम सावकाश पळत म्हणाले. "पण आठ वर्षं झाली, एकटाच पळून राहिलो ना सर. आज कोनी सोबत हाय तर म्हटलं, चला."

मैदानावर मुलींच्या काठ्या झुलायच्या थांबल्या होत्या. दोन-चार चेंडू खाली पडले, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रोशनी चहाचा कप घेऊन कडेला आली आणि ओरडली, "बोरकर सर! तुम्ही काहून पळून राहिले?"

मी हात वर करून तिला थांबायची खूण केली. अर्धं मैदान अजून बाकी होतं आणि ते संपायचं तिच्याच पुढ्यात.