बंपरवर आलेली साल

समाजात माणसाचा मान त्याच्या गाडीच्या बंपरवरून ठरतो, ही गोष्ट आता वादातीत आहे. (वाद घालणाऱ्यांकडे दुचाकी असते.)

सौंसरजवळचे संत्रा बागाईतदार पुंडलिकराव हे जाणून होते. गेली बावीस वर्षे घराण्यातला प्रत्येक नवरदेव त्यांच्याच गाडीतून मांडवात गेला. यंदा पुतण्या प्रतीकच्या लग्नाच्या तोंडावर जावई श्रीधरराव यांनी नवी गाडी घेतली. तिचा बंपर काळाकुळकुळीत. पुंडलिकरावांची गाडी दिवाळीपासून अंगणात एकाच जागी उन्हात उभी, त्यामुळे बंपर आणि दारांवरच्या पट्ट्या राखेच्या रंगाला आलेल्या. मान हातचा जाणार या काळजीने त्यांना दोन घास कमी जाऊ लागले (पत्नी देवकाबाईंच्या मते एकच).

प्लास्टिक रंगवण्याची शास्त्रोक्त पद्धत अशी: धुवावे, पॉलिश पेपरने घासावे, प्रायमर मारावा, मग वीतभर अंतरावरून पातळ हात द्यावेत. पुंडलिकरावांनी यातले अंतर तेवढे मनावर घेतले. भर वैशाखात, दुपारी, बागेतल्या फवारणीच्या सवयीने, सहा फुटांवरून स्प्रेचे तीन डबे रिकामे केले. रंग वाटेतच वाळत होता. दोन कोंबड्याही रंगल्या.

असा रंग गुळगुळीत न बसता खरबरीत बसला, की पेंटर लोक त्या दोषाला संत्र्याची साल म्हणतात. बोरगावचा गुलाब पेंटर बंपर पाहून हळहळला.

"काका, याच्यावर त संत्र्याची साल आली."

"येनारच. बगीचा कोनाचा हाय?"

गुलाबने पुढे समजावून पाहिले, पण तोवर चहा आला होता.

बातमी नवरीच्या गावी, रामाकोन्यापर्यंत गेली. नवरदेवाची गाडी ठरवायला पुंडलिकरावांच्या अंगणात सात जाणते बसले (सातही संत्रावाले). सहा जणांनी बंपरला अंगठा लावला, एकाने वास घेतला. साल मृग बहाराची की आंबियाची, यावर तासभर मतभेद झाले. दर्जाबद्दल मात्र दुमत नव्हते. श्रीधररावांचा बंपर बिनसालीचा म्हणून बाद झाला. पुंडलिकरावांचे डोळे भरून आले.

लग्नाच्या दिवशी प्रतीक मुंडावळ्या बांधून मागे बसला, बँड वाजला, पुंडलिकरावांनी चावी फिरवली. पुढे काही झाले नाही. इंजिन दिवाळीतच बसले होते. शेवटी वरात रामाकोन्याला पोहोचली, ती श्रीधररावांच्या गाडीला मागून दोर बांधून.

"मले मालूम होतं," देवकाबाई म्हणाल्या. "पन कोनं इचारलंच नाही."

खरे आहे. दिवाळीपासून जागची न हललेली गाडी चालते का, हे सातांपैकी एकाही जाणत्याने विचारले नाही. ते बिचारे सालीत गुंतले होते. तुम्ही तर सगळे पहिल्यापासून वाचत होता. तुम्ही तरी कुठे विचारले?