जरा बाजूला व्हा

आमच्या श्रीवर्धनात त्या काळी कॅमेरा असलेला माणूस एकच, तो म्हणजे पाटकर. पण त्यांनी काढलेला माणसाचा फोटो गावातल्या एकाही भिंतीवर नव्हता. कुणी हौसेनं समोर उभं राहिलं, की ते काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि म्हणायचे, "जरा बाजूला व्हा."

हे वाक्य त्यांनी कुणाकुणाला ऐकवलं नाही! बकरीला, बैलगाडीला, एकदा तर खांद्यावर पालखी घेतलेल्या भोयांनासुद्धा. शेजारच्या बागाईतदारानं लेकीच्या लग्नात त्यांना आग्रहानं बोलावलं. आठ दिवसांनी फोटो आला. मागचा डोंगर झकास, पोफळी एकेक मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, आणि मांडवात दोन रिकाम्या खुर्च्या. बागाईतदार तोंडाला येईल ते बोलला. पाटकर शांतपणे म्हणाले, "खुर्च्याही हलवायच्या होत्या हो. पण तुमची मुहूर्ताची घाई."

मी त्यांचा शेजारी, पोस्टात कारकून. दिवसभर लोकांच्या पत्रांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी पाटकरांची चेष्टा करायची, एवढाच माझा विरंगुळा. तेव्हा फार हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलोय.

पाटकर मूळचे मोटार मेकॅनिक. लढाईत लष्करी गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वातंत्र्याच्या सुमारास लष्करानं मोडीत काढलेली एक अँब्युलन्स पदरात पाडून घेऊन ते गावी परतले. वर्षभर तीत सुपारीची पोती भरून म्हसळा, माणगाव करायचे. मार्गशीर्ष लागला की पोती बाहेर, आणि आत खाट, स्टोव्ह, पाण्याचं पिंप नि कॅमेरा. पंधरवडाभर ती गाडी म्हणजेच त्यांचं घर. महाड, पोलादपूर करत घाट चढायचा, महाबळेश्वर ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं आणि डोंगरांचे फोटो घेऊन परत यायचं. त्या खोऱ्यातलं सावरवाडी हे त्यांच्या बायकोचं, अनसूयावहिनींचं माहेर.

वहिनी मात्र लग्नानंतर पुन्हा माहेरी गेल्या नाहीत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना टाकून जायचं कसं? वहिनी भावासाठी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुरचुंडी बांधून द्यायच्या आणि गाडी वळणाआड होईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. गाडी परत आली की पहिला प्रश्न, "दादा कसा हाय?"

"बरा आहे. तू डोंगर बघ, काय सुरेख आलाय."

वहिनी डोंगर बघायच्या, "चांगला हाय," म्हणायच्या आणि चुलीकडे वळायच्या. दर हिवाळ्यात हेच.

एका हिवाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो. रजा शिल्लक होती आणि अक्कल कमी होती. घाटात दर वळणावर गाडी तापायची आणि आम्ही गारठायचो. गोधडी एकच, आणि ती पाटकरांनी कॅमेऱ्यावर घातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"भिंगावर दव बसतं," ते म्हणाले.

"आणि माझ्यावर बसलं तर?"

"तुम्हाला सकाळी पुसता येईल."

मी सुपारीचं रिकामं पोतं पांघरून निजलो. घरी परतल्यावरही कितीतरी दिवस माझ्या अंगाला सुपारीचा वास येत होता.

सावरवाडीत वहिनींचे दादा, धोंडिबा, आमची वाट बघत बसले होते. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, एका अंगाला गोठा. पाटकरांनी अंगणात घराकडे पाठ करून पलीकडच्या डोंगराकडे कॅमेरा लावला. धोंडिबा आत गेले आणि धुतलेला पटका बांधून, एकच बटण उरलेला कोट घालून बाहेर आले. कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहिले. पायाला सूज होती, तरी ताठ.

"दाजी, माझा बी एक काढा की. अनशीला दावा. म्हणावं, दादा म्हातारा झाला."

फडक्यातून आवाज आला, "जरा बाजूला व्हा, दादा."

म्हाताऱ्याला वाटलं, जागा चुकली असेल. दोन पावलं सरकला. "अजून." आणखी दोन पावलं. "अजून, अजून. उजेड चाललाय!" शेवटी पाटकरांनी मला खूण केली. मी जाऊन धोंडिबांचा दंड धरला आणि त्यांना हळूहळू गोठ्याआड नेलं. हसू आवरत नव्हतं मला. गोठ्याशी धोंडिबांनी कोटाचं ते एक बटण सोडलं आणि माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाले, "न्हाय काढला तर न्हाय. फुडल्या साली काढतील."

पुढच्या साली त्यांनी काढला नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही.

मग एका पावसाळ्यात सासूबाई गेल्या. पाटकरांनी गाडीत पहिल्यांदाच दुसरी खाट बसवली. वहिनींनी या खेपेला पुरचुंडी नव्हे, चांगली गोणभर बांधाबांध केली. पोफळीची रोपं, सोडे, भावजयीसाठी लुगडं. निघायला चार दिवस असताना सावरवाडीचं पत्र आलं. पोस्टात टपालाची पिशवी मीच उघडली होती, आणि पत्र घेऊन जाऊन मीच ते वाचून दाखवलं. खालच्या अंगाला धरण झालं होतं. पाणी चढत गेलं, सावरवाडी उठली, घर बुडालं. धोंडिबा नव्या वस्तीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभरही टिकले नव्हते.

वहिनी मोकळ्या झाल्या, तेव्हा जायला माहेर उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा पाटकर पडवीत मान खाली घालून बसले होते. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या पेटीत आमचं घर असंल की. दादा असंल. इतकी वर्सं जाताय." मग माझ्याकडे वळून, "न्हाय का, भावजी?"

पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. शंभरावर काचेच्या प्लेटा, आणि प्रत्येक प्लेटीत नुसता डोंगर.

त्या दिवसापासून पाटकरांनी गाडी हलवली नाही. खिडकीशी बसायचे, एकेक काच उजेडात धरायचे आणि तिच्या कडा भिंगानं चाचपायचे. कुठं एखादं कौल, चुलीचा धूर, काही तरी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "इतका जीव होता तर एक तरी काढायचा होता ना म्हाताऱ्याचा!"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "लग्न होऊन आली तेव्हा समुद्र बघून रडली हो. म्हणाली, इथं नजर टेकायला काही न्हाय. मला वाटलं, हिला डोंगर हवा. म्हणून दर साल आणत होतो. अगदी कोरा. मध्ये काही येऊ दिलं नाही."

एवढं प्रेम आणि एवढा मूर्खपणा एका माणसात कसा मावला, याचाच विचार करत घरी आलो.

बावीस दिवसांनी सापडलं. मी गेलो होतो त्या वर्षीची काच, डाव्या कोपऱ्यात मुगाच्या डाळीएवढा ठिपका. पाटकर काच धोतरात गुंडाळून बोटीनं मुंबईला गेले आणि तो कोपरा वीतभर मोठा करून घेऊन आले. स्टुडिओवाला भला माणूस. म्हणाला, डोंगर मोठा करा, या कोपऱ्यात काही नाही, नुसता डाग आहे. हवं तर फुकट काढून देतो. आयुष्यभर दुसऱ्यांना बाजूला करणारे पाटकर त्याच्यासमोर रडले म्हणे. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

फोटो वहिनींच्या हातात दिला तेव्हा मी तिथंच होतो. त्या तो घेऊन दाराशी गेल्या. पाटकर आधीच उंबऱ्यात जाऊन उभे. "हे बघ, हा गोठ्याचा कोपरा. आणि हे इथं—"

"जरा बाजूला व्हा," वहिनी म्हणाल्या. "उजेड अडतोय."

पाटकर बाजूला झाले. मागे सरत सरत अंगणात गेले.

मला त्या फोटोत धुक्यासारखं काहीतरी पांढुरकं दिसत होतं. वहिनींना सगळं दिसत होतं. "ह्यो दादाच. पटका बांधलाय. कोट बी घातलाय, बघा." त्यांनी पांढुरक्यावरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "आन् त्याच्या दंडाला ह्यो हात कुणाचा?"

"माझा, वहिनी."

"पडत व्हता का त्यो?"

"पाय सुजला होता त्यांचा," मी म्हणालो. "तोल जात होता. म्हणून धरलं."

"बरं केलंत, भावजी," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कुणीतरी धरलं म्हणायचं."

मी बाहेर आलो. अंगणात पाटकर गाडीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बोललो ते खोटं आहे, हे माझ्याखेरीज त्या एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.